नाशवंत रबराचा पाव

पिकतं तिथे विकत नाही, ही म्हण ज्यानं पहिल्यांदा काढली त्याच्या घरात बहुधा आहारतज्ज्ञ सून असावी.

आपल्या गोष्टीतली सून मोठ्या इस्पितळात आहारतज्ज्ञ होती. इस्पितळात तिला 'डाएटच्या बाई' म्हणत आणि इमारतीत नुसतंच 'डाएटवाली'. ती जिन्यात समोरून आली की लोक हातातली पिशवी पाठीमागे घेत. ती बिचारी काही विचारत नसे, पण लोक आपणहून कबुली देत. "पाहुण्यांसाठी आहे हो!" त्या पिशव्यांवर विश्वास ठेवायचा तर त्या इमारतीत इतके पाहुणे येऊन गेले असते की जिन्याच्या पायऱ्या झिजून घसरगुंडी झाली असती. प्रत्यक्षात पाहुणा म्हणून तिथे फक्त वीजमीटर वाचणारा यायचा, आणि त्याला कोणी पाणीसुद्धा विचारत नसे.

तर या बाईंचे सासरे घड्याळजी होते. खालच्या चौकात त्यांचं दुकान होतं, दुकान म्हणजे दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्यानं श्वास बाहेर जाऊन घ्यावा एवढं. आयुष्यभर डोळ्याला भिंग लावून त्यांनी लोकांची घड्याळं दुरुस्त केली. मग एका वर्षात दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला, दुकानाचं शटर खाली आलं आणि सासरे गॅलरीत बसून कुंडीतल्या झाडाकडे तोंड करून राहू लागले. झाडाकडे बघत होते असं म्हणवत नाही, कारण झाड त्यांना दिसत नव्हतं.

मोतीबिंदूचं काय मोठंसं? लोक सकाळी जातात, दुपारी हिरवी पट्टी बांधून घरी येतात. पण इथे सासऱ्यांच्या रक्तात साखर होती, आणि थोडीथोडकी नव्हती. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "तीन महिन्यांची साखर आटोक्यात आलेली दाखवा, मग डोळ्याला हात लावतो. तोवर खाणं सांभाळा."

'खाणं सांभाळा' म्हणायचं आणि पुढच्या रोग्याला आत बोलवायचं, ही वैद्यकातली फार जुनी उपचारपद्धती आहे. सांभाळा म्हणजे काय करा? मांडीवर घेऊन बसा? पण डॉक्टरांना ते विचारायचं नसतं, कारण ते त्यांनाही माहीत नसतं.

त्याच आठवड्यात सुनेचं मनगटी घड्याळ बंद पडलं. लग्नानंतर सासऱ्यांनी स्वतःच्या हातानं जुळवून दिलेलं घड्याळ. ते दुसऱ्या कुणाकडे दुरुस्तीला टाकणं म्हणजे सासऱ्यांच्या जिवंतपणी त्यांचं दुकान विकल्यासारखं झालं असतं. म्हणून ती बंद घड्याळ बांधूनच कामावर जायची आणि वेळ भिंतीवरच्या घड्याळात बघायची. सासरे अधूनमधून तिचं मनगट हातात घेऊन कानाशी नेत, ऐकत, आणि हळूच सोडून देत. ते तिला फार लागायचं.

तिनं मनाशी ठरवलं की काही झालं तरी बाबांची साखर खाली आणायची. दुनियेला आहार शिकवणाऱ्या बाईला घरातल्या एका माणसाचं ताट सुधारता येऊ नये? काम अगदी किरकोळ होतं. जगातली सगळी मोठी संकटं किरकोळ कामातूनच जन्माला येतात.

तिनं घरात नियम घातले. अर्ध्या ताटात भाजी. भात किंवा बटाटा मुठीएवढा. फळांचा रस बंद, फळ चावून खायचं. आणि सकाळी पावाचे काप दोन.

"दोन?" सासूबाईंनी विचारलं. "माणूस आहे की चिमणी?"

"आई, दोन म्हणजे दोनच."

"मी कशाला तिसरा देऊ? माझं काय जातंय?" सासूबाई म्हणाल्या, आणि शब्दाच्या पक्क्या बाई त्या, दुसऱ्या दिवसापासून दोनच देऊ लागल्या. सून सकाळच्या पाळीला लवकर निघून जायची, त्यामुळे न्याहारी तिच्या डोळ्यांदेखत होत नसे. पण सासूबाई खोटं बोलायच्या नाहीत, हे तिला माहीत होतं.

घर असं ताळ्यावर येत होतं, तेवढ्यात इमारत मदतीला धावली. मधुमेह हा असा रोग आहे की तो एकाला होतो आणि त्याची माहिती मात्र आजूबाजूच्या सगळ्यांना होते. वरच्या मजल्यावरच्या मावशी म्हणाल्या, "साखर बंद करा, मध सुरू करा."

"मध गोडच असतो ना, मावशी?"

"पण नैसर्गिक गोड असतो."

नैसर्गिक! विंचूही नैसर्गिकच असतो. पण मावशींना तो उशाला घेऊन झोपा असं कोण सांगणार?

आणि समोरच्या घरात राहायचा एक अर्धा डॉक्टर. हे गृहस्थ नोकरीची सगळी वर्षं औषधाच्या दुकानात बिलं लिहीत होते. औषधांची नावं लिहून लिहून त्यांना रोग कळू लागले होते, असं त्यांचं स्वतःचं मत होतं. त्यांच्या भाचीच्या सासऱ्यांची साखर म्हणे कसल्याशा पाल्याच्या कडू रसानं अशी पळाली की पुन्हा त्या गल्लीत फिरकली नाही. ते रोज सकाळी त्या हिरव्यागार रसाची बाटली घेऊन हजर व्हायचे आणि सासरे तो पिऊन तोंड वेडंवाकडं करेपर्यंत दारातून हलायचे नाहीत. औषध जितकं वाईट लागेल तितकं गुणकारी, हा आपल्या समाजाचा फार जुना सिद्धांत आहे. त्या हिशेबानं इस्पितळाच्या उपाहारगृहातला चहा अमृत ठरायला हवा.

रसाचा एक गुण मात्र ताबडतोब दिसला. सासऱ्यांना धीर आला. कडू पोटात गेलंय म्हटल्यावर त्यावर थोडं गोड चालतं, असा त्यांनी हिशेब बसवला आणि पावावर मुरंबा सुरू केला.

"बाबा, पोट म्हणजे तराजू नाही, या पारड्यात कडू आणि त्या पारड्यात गोड टाकायला," सून कळवळून म्हणाली. "एकदा खाल्लेलं परत घेता येत नाही. वरून कितीही कडू प्या."

हे वाक्य ती इस्पितळात दिवसातून इतक्यांदा म्हणायची की दाराबाहेर बसणारा शिपाई ते तिच्याबरोबर ओठांतल्या ओठांत म्हणत असे. सासऱ्यांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुझं बरोबर आहे गं. पण त्यांच्या भाचीच्या सासऱ्याला आला ना गुण?"

पुढच्या तपासणीत साखर वाढलेली निघाली. डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या, कागद ओढला आणि त्यावर लिहिलं, 'आहारतज्ज्ञांना भेटावे.'

सासऱ्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. संध्याकाळी म्हणाले, "मला आहारतज्ज्ञांकडे जायला सांगितलंय."

"बाबा, आहारतज्ज्ञ मीच आहे!"

"तू सून आहेस," सासरे शांतपणे म्हणाले. "मला त्या कागदावरच्या बाईंकडे जायचंय."

आता हा अपमान गिळायचा की त्यावर थोडं पाणी प्यायचं, हे आहारशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात दिलेलं नाही. तिनं तो गिळला. म्हटलं, येऊ देत. निदान टेबलापलीकडे बसले तर ऐकतील तरी.

इथे थोडं थांबून इस्पितळातल्या एका वेगळ्याच लढाईबद्दल सांगायला हवं. बाईंनी बऱ्याच खटपटीनंतर रबराचे नमुने मागवले होते. आहार शिकवणारे लोक हे वापरतात. पावाचे काप, उकडलेलं अंडं, बटाटा, केळं, मूठभर भात, सगळं खऱ्या मापाचं, खऱ्या रंगाचं, पण रबराचं. रोग्याला 'थोडं खा' सांगितलं की तो मान हलवतो आणि घरी जाऊन स्वतःचं 'थोडं' खातो. त्यापेक्षा त्याच्या हातात माप दिलेलं बरं.

नमुने आले आणि भांडारपालांनी अडवले. भांडारपाल म्हणजे इस्पितळाच्या वस्तूंचे मालक. रोगी मेला तर त्यांना दुःख होई, पण चादर हरवली तर झोप लागत नसे.

"मॅडम, इथे 'पाव' लिहिलंय. म्हणजे नाशवंत माल."

"अहो, रबराचा आहे तो!"

"रबराचा असेल. पण पाव आहे ना? पाव नाशवंतातच जातो. वापरण्याची शेवटची तारीख काय लिहू?"

"लिहा, जगबुडी," बाई चिडून म्हणाल्या.

भांडारपालांनी चष्म्यावरून बघितलं आणि तो रकाना रिकामा ठेवला. मात्र नाशवंत ते नाशवंतच. नियमाप्रमाणे नाशवंत माल संध्याकाळी स्वयंपाकघरात जमा करायचा आणि सकाळी सही करून घ्यायचा. म्हणून बाई रोज संध्याकाळी रबराचं केळं, रबराचं अंडं वगैरे टोपलीत भरून स्वयंपाकघरात नेत. मुख्य आचारी ते शीतपेटीत ठेवी. सकाळी ते बर्फासारखं थंड होऊन परत येई आणि पहिल्या दोन-तीन रोग्यांना बटाटा हातात घेतला की हुडहुडी भरे. आचाऱ्यानं एकदा केळ्यावर काळे डाग का पडत नाहीत म्हणून काळजीनं विचारलंसुद्धा.

तर अशा थंडगार नमुन्यांसमोर सासरे येऊन बसले. रांगेत चिठ्ठी घेऊन, नंबर लागेपर्यंत वाट बघून आले होते. शेजारच्या रोग्याला त्यांनी 'आतल्या बाई कशा आहेत?' असंही विचारून घेतलं होतं. आत येऊन हात जोडून म्हणाले, "नमस्कार मॅडम."

बाईंनी घसा साफ केला. "नमस्कार. घरी खाणंपिणं कसं असतं?"

"काय सांगू मॅडम! घरी एक सून आहे. स्वभावानं चांगली, पण उपाशी मारते."

बाहेरच्या शिपायाला ठसका लागला. पण टेबलाचा मान टेबलाला. बाईंनी रोग्याचा राग रोग्यावर काढला नाही. भात समजावला, बटाटा समजावला, मुरंबा आणि मध हे साखरेचे सख्खे भाऊ आहेत हे समजावलं. सासरे ऐकत होते की नव्हते, देव जाणे. त्यांच्या हातात पावाचा काप होता आणि ते त्याच्या कडेवरून अंगठा फिरवत होते, पुढे, मागे, पुन्हा पुढे.

"हा खऱ्या मापाचा आहे?" त्यांनी मध्येच विचारलं.

"हो. सगळंच खऱ्या मापाचं आहे," बाई म्हणाल्या आणि पुढे केळ्याकडे वळल्या. 'उपाशी मारते' हे शब्द त्यांच्या घशात माशाच्या काट्यासारखे अडकले होते, त्यामुळे त्यांचं दुसऱ्या कशाकडे लक्ष नव्हतं. सासरे उठले, पुन्हा नमस्कार करून, चाचपडत दाराबाहेर गेले. त्या दिवशी रांग लांबलचक होती आणि संध्याकाळी घाईघाईनं टोपली भरताना बाईंनी आत काय गेलं आणि काय नाही ते बघितलं नाही.

घरी आल्यावर सासरे म्हणाले, "हुशार बाई आहेत गं त्या. तू कधीतरी भेट त्यांना."

पुढे काही दिवस शांततेत गेले. मग इस्पितळाच्या तपासणीसाठी वरून मंडळी आली आणि मोठ्या साहेबांनी त्यांना आपल्या खोलीत न्याहारी दिली. आचारी गडबडीत होता. शीतपेटीत हात घालून त्यानं उकडलेली अंडी काढली आणि बशीत सजवून पाठवली. त्यातलं एक अंडं सुंदर होतं, पांढरंशुभ्र, डागरहित. अर्थातच ते मोठ्या साहेबांच्या वाट्याला आलं. अधिकाराचा हा फायदा असतो.

साहेबांनी सुरी लावली. अंडं दबलं. साहेबांनी जोर केला. अंड्यानं जरा विचार केला, आणि मग सुरीखालून जे निसटलं ते थेट प्रमुख तपासनिसांच्या मांडीवर. तिथून जमिनीवर, जमिनीवरून दोनदा उसळून कपाटाखाली. प्रमुख तपासनिसांनी मांडी झटकून कपाटाखाली वाकून पाहिलं. शेवटी तपासनीस म्हणाले, "कोंबड्या तुमच्याच आहेत का?"

झालं! चौकशी लागली. आचाऱ्याला कोणी काही विचारलं नाही, कारण आचारी गेला तर उद्या जेवण कोण करणार? चोर सोडून संन्याशाला फाशी, त्याप्रमाणे बाईंच्या टोपलीची मोजणी झाली आणि त्यात पावाचा एक काप कमी निघाला.

"म्हणजे कोणीतरी खाल्ला," भांडारपाल म्हणाले.

"रबर कोण खाईल?"

"मॅडम, अंडं साहेबांपर्यंत पोहोचलं. पाव का पोहोचणार नाही?"

रोग्याच्या पोटात रबर असेल तर? मोठ्या साहेबांना घाम फुटला. त्यांनी वॉर्डावॉर्डांतून विचारणा करायला सांगितली की गेल्या काही दिवसांत कोणाला पाव चिवट लागला का. पहिल्याच वॉर्डात झाडून सगळ्यांनी हात वर केले. ज्यांच्या हाताला सलाइन होतं त्यांनी दुसरा हात केला. एक आजोबा तर म्हणाले, "आज कुठे विचारताय? मी मागच्या वर्षीही हेच सांगत होतो." तेव्हा साहेबांनी विचारणा थांबवली आणि चौकशी समिती नेमली. ज्या प्रश्नाचं उत्तर सापडायला नको असतं त्यावर समिती नेमतात.

बाईंना लेखी खुलासा मागितला गेला. काप सापडला नाही तर नमुने सीलबंद करून भांडारात जातील आणि बाईंच्या नावावर निष्काळजीपणाचा शेरा कायमचा राहील. शिकवणं इतकी वर्षं नीट केलं, त्यावर एकही शेरा नव्हता. एका रबरी पावानं मात्र त्यांचं नाव नोंदवहीत आणलं. उपाहारगृहात लोक तिला बघून पावाचा तुकडा दोन बोटांत दाबून दाखवू लागले. पन्नास जणांना रोज काय खावं ते सांगणारी बाई स्वतःचा डबा खोलीचं दार लावून खाऊ लागली.

समिती बसेपर्यंत तीन महिने उलटले, आणि तोवर घरी काय चाललं होतं? घरी चमत्कार झाला होता. सासऱ्यांची तीन महिन्यांची साखर खाली आली होती. नुसती खाली नाही, डोळ्यांच्या डॉक्टरांनी तारीख दिली!

क्षणभर सुनेला वाटलं, आपलं ऐकलं. टेबलापलीकडे बसून का होईना, ऐकलं. पण तो क्षण तिला पुरता मिळालाही नाही. अर्धा डॉक्टर निकालाचा कागद हातात घेऊन मजल्या-मजल्यावर फिरत होता. "बघा! रसाचा गुण! सून डाएटवाली असून हतबल झाली होती, हो." इमारतीतली चार माणसं बाटल्या घेऊन त्याच्या दारात उभी राहिली. मावशींनी तर सुनेलाच जिन्यात गाठून सांगितलं, "वाईट वाटून घेऊ नकोस. शिकलेल्या लोकांना सगळंच कसं येईल?"

घरी येऊन तिनं पर्स आपटली. नवरा वर्तमानपत्राआड गेला, तो संकटकाळी तिथेच राहायचा. सासूबाई मात्र आपल्याच तक्रारीत होत्या. "तुझ्या सासऱ्यांना काय झालंय कोण जाणे. हल्ली मला पाव कापू देत नाहीत. सुरी हिसकावून घेतात. डोळ्यांनी दिसत नाही, बोट कापून घेतील एखाद दिवशी."

समितीसमोर जायचं होतं त्या दिवशी तिला उशिरा बोलावलं होतं, म्हणून कधी नव्हे ती न्याहारीच्या वेळी घरी होती. ती स्वयंपाकघराच्या दाराशी आली आणि तिथेच थांबली.

सासरे टेबलाशी बसले होते. समोर बेकरीतून आणलेला अख्खा पाव होता. डोळे मिटलेले होते, उघडून तरी काय उपयोग होता! त्यांनी शर्टाच्या खिशातून पावाचा एक काप काढला, अंगठ्यानं त्याची कड चाचपली, आणि तो काप अख्ख्या पावाच्या टोकाशी असा चिकटवून धरला की कड कडेला लागली. मग सुरी त्या कापाच्या पाठीला टेकवून सरळ खाली आणली. तयार झालेला काप रबराच्या कापावर ठेवला, पुन्हा अंगठा फिरवला, एका बाजूला जरा जाड वाटला तिथला पापुद्रा काढला. भिंग लावून घड्याळात जसं काम करत तसंच. दोन काप झाल्यावर त्यांनी सुरी पुसली आणि रबराचा काप खिशात ठेवला.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सासूबाईंनी स्वतःसाठी कापलेले दोन काप होते. सुनेनं ते पाहिले. त्यातल्या एकेकाचे तीन झाले असते. विटा होत्या त्या! सासूबाई खोटं बोलल्या नव्हत्या. दोनच देत होत्या. मुठीएवढा बटाटा, मुठीएवढा भात हे तिनं घरात सांगितलं होतं, पण पावाचं नुसतं 'दोन' म्हणून ती मोकळी झाली होती. ज्या मापासाठी ती इस्पितळात भांडारपालाशी भांडली, ते माप घरात तिनं कधी आणलंच नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली.

सासरे दचकले आणि त्यांचा हात खिशावर गेला. "तू गेली नाहीस?"

"तो काप इस्पितळाचा आहे, बाबा."

"माहीत आहे. चोरला मी," सासरे म्हणाले. मग हळू आवाजात म्हणाले, "तुमच्या मॅडमना सांगू नकोस. तू बोलायचीस ते सगळं मला पटायचं गं. पण तू 'दोन' म्हणायचीस, आणि दोन म्हणजे काय ते मला दिसत नव्हतं. हातात आलं तेव्हा कळलं. हाताला खोटं बोलता येत नाही. एकदा डोळे आले की परत करीन. आता नको मागूस."

"आणि रस?"

"तो त्याच दिवशी बंद केला. प्यायल्यासारखं तोंड वेडंवाकडं करतो आणि त्या सद्गृहस्थाची पाठ वळली की कुंडीत ओततो."

गॅलरीतलं झाड वाळून काडी झालं होतं. सासऱ्यांना ते दिसत नव्हतं, आणि बाकीच्यांना रसाच्या कौतुकात बघायला सवड नव्हती. सुनेला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले, आणि दोन्ही एकदम आवरायची कसरत करत ती पायात चपला सरकवून बाहेर पडली.

समितीत मोठे साहेब होते, भांडारपाल होते आणि एक तिसरे गृहस्थ होते, ते कशासाठी होते ते त्यांनाही माहीत नव्हतं.

"काप सापडला का?" साहेबांनी विचारलं.

आता 'घरी आहे' म्हटलं तर काप परत आणावा लागणार, वर 'रुग्णालयाची मालमत्ता नातेवाइकास दिली' हे कलम लागणार, आणि सासरे ऑपरेशनच्या तोंडावर पुन्हा अंदाजानं खाणार. अंदाज म्हणजे सासूबाई.

"नाही. तो मी खाल्ला."

तिसरे गृहस्थ जागे झाले.

"तुम्ही? रबराचा पाव?" साहेब म्हणाले.

"नाशवंत माल होता, साहेब. वाया जायला नको म्हटलं."

भांडारपालांच्या चेहऱ्यावर इतक्या महिन्यांत पहिल्यांदा समाधान पसरलं. वस्तू गहाळ असेल तर पानं काळी करावी लागतात, खाल्ली गेली असेल तर एका ओळीत भागतं. त्यांनी वही पुढे ओढून लिहिलं, 'सदर पाव आहारतज्ज्ञांनी खाल्ला. प्रकृती स्थिर.' साहेबांनाही हायसं वाटलं, रोग्यांच्या पोटातलं रबर एका फटक्यात निघालं होतं. सही करता करता त्यांना राहवलं नाही. "चव कशी होती हो?"

"आपल्या स्वयंपाकघरातल्यापेक्षा बरी, साहेब."

मग ती बाहेर आली, आणि त्या दिवसापासून इस्पितळात तिचं नाव 'पाववाली' पडलं. नवी माणसं तिला लांबून दाखवत, 'त्याच त्या, रबर खाणाऱ्या'. तिनं ते खाली मान न घालता ऐकलं. घालायचीच तर इतरांनी घालावी.

ऑपरेशन झालं. पट्टी निघाली. सासऱ्यांनी आधी बायकोचं तोंड पाहिलं आणि शहाणपणानं काही बोलले नाहीत. मग गॅलरीतलं झाड पाहिलं आणि म्हणाले, "अरेरे! हे मी पीत होतो?" अर्धा डॉक्टर बाटली घेऊन आला, तेव्हा त्याला हाताला धरून त्यांनी ती कुंडी दाखवली. तो म्हणाला, "झाडाला मधुमेह नव्हता ना, म्हणून मानवलं नाही." अशा माणसापुढे आहारशास्त्रच काय, सगळीच शास्त्रं हात टेकतात.

दुकानाचं शटर वर गेलं. पहिलं घड्याळ सुनेचं उघडलं गेलं. सासऱ्यांनी ते चालू करून तिच्या मनगटावर स्वतः बांधलं, कानाशी नेऊन ऐकलं, आणि मग खिशातून रबराचा काप काढून तिच्या हातावर ठेवला. "परत दे हो त्या मॅडमना. आता मला दिसतं. आणि सांग त्यांना, सून उपाशी मारत नव्हती. मी उगाच बोललो."

"सांगते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती काप घेऊन भांडारात गेली. भांडारपालांनी तो उलटसुलट केला, वही काढली, पान शोधलं, ओळीवर बोट ठेवलं आणि काप परत तिच्याकडे सरकवला.

"घेता येणार नाही, मॅडम. हा खाल्लेला आहे."

"अहो, हा काय तुमच्यासमोर आहे!"

"असेल," भांडारपाल समजावणीच्या सुरात म्हणाले. "पण एकदा खाल्लेलं परत घेता येत नाही."

तिच्यामागून दाराशी आलेल्या शिपायाचे ओठ सवयीनं हलले. बाईंनी काप उचलला. इतक्या वर्षांत या इस्पितळात आहारशास्त्रातलं एखादं वाक्य तिच्याशिवाय दुसऱ्या कोणी बिनचूक म्हटल्याचं तिला आठवत नव्हतं. तिनं काप पर्समध्ये टाकला, चालू घड्याळात वेळ बघितली आणि आपल्या खोलीत येऊन रांगेतल्या पुढच्या रोग्याला आत बोलावलं.